मालमोटारीवर चालक व्हायचे असेल तर : लायसन्स, प्रशिक्षण आणि नोकरी



कांदा असो, द्राक्षे असोत, केळी, ऊस किंवा दूध असो, शेतातून निघालेला माल बाजारात पोहोचतो तो मालमोटारीच्या चाकांवर. घरात दोन-तीन मुले आणि जमीन मात्र चार-पाच एकर, अशा कुटुंबातील एखाद्या मुलाने चालकाचा व्यवसाय धरावा हा विचार त्यामुळे साहजिक आहे. मुलाने ट्रॅक्टर चालविलेला असतो, उसाची ट्रॉली मागे घेऊन लावण्यात तो पटाईत असतो. ‘हात बसलेला आहे, आता गाडी मिळाली की झाले’ असे त्याला वाटते, आणि बापालाही वाटते.

वास्तविक हात बसलेला असणे हा या व्यवसायाचा लहानसा भाग आहे. योग्य वर्गाचे लायसन्स हवे आणि जाणत्या चालकाच्या शेजारी बसून काढलेले एक-दोन हंगाम हवेत. या दोन गोष्टी नसताना गाडी हातात घेतली तर नुकसान केवळ नोकरीचे होत नाही. घरची जमीनही त्यात अडकू शकते. ते कसे, हे प्रथम पाहू.

लायसन्स आणि सातबारा यांचा संबंध

समजा, तुमच्या नावावर एक मालवाहू टेम्पो आहे. विमा भरलेला आहे. पुतण्या टेम्पो घेऊन बाजारात गेला आणि वाटेत त्याच्या धडकेने एक मोटारसायकलस्वार दगावला. मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. पुतण्याकडे त्या वाहनाचे वैध लायसन्स असेल तर भरपाई विमा कंपनी देते आणि विषय तेथे मिटतो. लायसन्स नसेल, चुकीच्या वर्गाचे असेल किंवा त्याची मुदत संपलेली असेल, आणि हे ठाऊक असून मालकाने गाडी दिली असे ठरले, तर कंपनीने वारसांना रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले आहे. अशी रक्कम मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. महसुलाची थकबाकी कशी वसूल होते हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मुलगा अठरा वर्षांच्या आतील असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे ज्या मुलाला चालक करायचे, त्याचीच सुरुवातीची सात-आठ वर्षे वाया जातात.

कोणते लायसन्स लागते?

येथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वाहनाचे ‘एकूण भारित वजन’, म्हणजे गाडी अधिक भरलेला माल, हे नोंदणी पुस्तकावर (आरसीवर) लिहिलेले असते. ते ७,५०० किलोपर्यंत असेल तर ते हलके वाहन होय. छोटा हत्ती, पिकअप यांसारख्या गाड्या यात बसतात. त्यांच्यासाठी हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे एलएमव्ही लायसन्स पुरते. त्यावर वाहतूक वाहनाची वेगळी नोंद लागत नाही. याविषयी अनेक वर्षे न्यायालयांत वाद चालले होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल देऊन ही बाब कायमची स्पष्ट केली. ट्रॅक्टरही कायद्याच्या व्याख्येनुसार हलक्या वाहनातच मोडतो. मात्र ज्यांच्या जुन्या लायसन्सवर केवळ ‘ट्रॅक्टर’ एवढीच नोंद आहे त्यांनी त्यावर पिकअप चालवू नये. आरटीओ कार्यालयात जाऊन एलएमव्हीची नोंद करून घ्यावी.

७,५०० किलोच्या वर गाडी गेली की ‘वाहतूक वाहन’ अशी नोंद असलेले लायसन्स लागते. सहा चाकी ट्रकचे भारित वजन साडेअठरा टनांपर्यंत असते, दहा चाकीचे साडेअठ्ठावीस टनांपर्यंत. अशा लायसन्ससाठी तीन अटी आहेत. वय वीस वर्षे पूर्ण हवे. एलएमव्ही लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेले हवे. त्याआधी वाहतूक वाहनाचे शिकाऊ लायसन्ससुद्धा निघत नाही. तिसरी अट म्हणजे मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना ५ मधील दाखला. पूर्वी आठवी पास असणे आवश्यक होते. ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांनाही आता मार्ग मोकळा आहे. तरीही वाचता-लिहिता येत नसेल तर या धंद्यात पदोपदी अडचण येते. ती पुढे दिसेलच.

यावरून हिशोब सरळ आहे. मुलाला अठरावे वर्ष लागून पूर्ण झाले की लगेच एलएमव्ही काढून ठेवावे. पुढील काळात पिकअप चालवून अनुभव घ्यावा आणि विसावे पूर्ण होताच जड वाहनासाठी अर्ज करावा. पुष्कळ मुले बावीस-तेविसाव्या वर्षी जागी होतात आणि मग एक वर्ष थांबावे लागते म्हणून एजंटाकडे धाव घेतात.

शिकाऊ लायसन्सचा अर्ज परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर करता येतो. वाहतूक वाहनासाठी डॉक्टरांचा नमुना १-अ मधील दाखला जोडावा लागतो. त्यात दृष्टी, ऐकू येणे, तसेच लाल व हिरवा रंग ओळखता येणे या गोष्टी डॉक्टरांनी तपासावयाच्या असतात. हा दाखला न तपासता मिळतो म्हणून खूश होऊ नये. डोळ्यांत दोष असेल तर तो पहिल्याच महिन्यात रात्रीच्या रस्त्यावर उघडा पडतो. शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते. ते मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर व मुदतीच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यावी. या काळात गाडीवर पुढे-मागे ‘एल’ अक्षर लावलेले हवे आणि शेजारी लायसन्सधारक शिक्षक हवा. सरकारी फी फार नाही : २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या दरानुसार शिकाऊ लायसन्सला दीडशे व त्याच्या चाचणीला पन्नास, गाडी चालविण्याच्या चाचणीला तीनशे आणि पक्क्या लायसन्सला दोनशे रुपये. याहून कितीतरी अधिक रक्कम कोणी ‘चाचणीशिवाय काढून देतो’ म्हणून मागत असेल तर तो तुम्हाला लायसन्स विकत नसून संकट विकत आहे असे समजावे.

वाहतूक वाहनाचे लायसन्स पाच वर्षांसाठी असते. पूर्वी मुदत संपल्यानंतर तीस दिवसांची सवलत असे, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन्स ठरता. मुदतीच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ गेला तर चाचणी पुन्हा द्यावी लागते. घरात बी-बियाण्यांच्या पावत्या जपून ठेवता, त्याच पिशवीवर ही तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी.

पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायने यांच्या टँकरसाठी याखेरीज धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, ती नोंद तीन वर्षे चालते आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाची उजळणी असते. अनुभवी चालकांनी याचा जरूर विचार करावा. नवख्याने टँकरच्या वाटेला जाऊ नये. ‘बिल्ला’ लागतो तो प्रवासी वाहनांना. मालमोटारीसाठी त्याची गरज नाही.

प्रशिक्षण कोठे व कसे घ्यावे?

नियमाप्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलने वाहतूक वाहनाचे प्रशिक्षण किमान तीस दिवस द्यावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालविणे पंधरा तासांपेक्षा कमी नसावे. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेची जड गाडी स्वतः पाहावी. गाडीच दाखवीत नसतील, किंवा ‘दाखला चार दिवसांत देतो’ म्हणत असतील, तर तेथून परत फिरावे. २०२१ पासून अधिकृत चालक प्रशिक्षण केंद्रे सुरू करण्याची तरतूद झाली आहे. अशा केंद्रातील जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा असून तो पूर्ण करून तेथील परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला आरटीओची चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात असे केंद्र आहे काय, याची चौकशी आरटीओ कार्यालयात करावी.

शाळेत गाडी चालवायला शिकवतात. भरलेली गाडी घाटातून उतरवायला शिकवितात असे नाही. ट्रॅक्टरवाल्या मुलाची खरी परीक्षा येथेच होते. ट्रॅक्टरचा वेग कमी, त्यामुळे ब्रेक लावला की थांबतो एवढेच त्याला ठाऊक असते. वीस-पंचवीस टनांची गाडी उतारावर वेग घेऊ लागली की नुसत्या पायाच्या ब्रेकवर ती थांबत नाही. ब्रेक सतत दाबून धरला की लायनर तापतात, तापलेले लायनर पकड सोडतात आणि वारंवार दाबल्याने टाकीतील हवेचा दाबही उतरतो. म्हणून जुन्या चालकांचा नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये तो उतरा. गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा, मध्यावर नव्हे. वेग इंजिनाने व एक्झॉस्ट ब्रेकने आवरावा, पायाचा ब्रेक मधूनमधून लावून सोडावा.

डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची, किंबहुना इंजिनच बंद करण्याची खोड काही चालकांना असते. इंजिन बंद झाले की हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि इंजिनाचा आवरही जातो. जी तीन साधने गाडी ताब्यात ठेवतात ती तिन्ही एकाच वेळी हातची जातात, आणि वाचते ते काही रुपयांचे डिझेल. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड वाहनांचे मोठे अपघात वारंवार झाले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे एकाच मालमोटारीच्या धडकेत चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान झाले. कसारा, बोरघाट, खंबाटकी येथे नवख्याने पहिल्या काही खेपा जाणत्या चालकाच्या नजरेखालीच काढाव्यात.

दररोज सकाळी गाडी काढण्यापूर्वी टायर ठोकून पाहावेत, चाकांचे नट, दिवे, तेल, पाणी तपासावे, हवेच्या टाकीतील साचलेले पाणी काढावे आणि हवेचा काटा पुरेसा वर चढल्याशिवाय गाडी हलवू नये.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला खास सांगावी लागते. २०२० पासून आलेल्या बीएस-६ मालमोटारींत धूर शुद्ध करण्यासाठी एक द्रव वेगळ्या टाकीत भरावा लागतो. चालक त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. त्यात शुद्ध केलेल्या पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो हे खरे, पण तो कारखान्यातील विशेष शुद्धतेचा असतो. घरच्या गोणीतील नीम-लेपित युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतण्याची कल्पना कोणाच्याही डोक्यात येऊ नये. त्याने यंत्रणा चोंदते, दुरुस्तीचा खर्च मोठा येतो, आणि शेतीसाठीचे अनुदानित खत असे वापरणे हा गुन्हाही आहे.

काम कसे मिळवावे?

लायसन्स हातात पडले म्हणून लाखो रुपयांची गाडी आणि तेवढ्याच किमतीचा माल कोणी नवख्याच्या हवाली करीत नाही. करू म्हणणारा मालक भेटलाच तर त्याच्या गाडीला चालक का टिकत नाहीत याची आधी चौकशी करावी.

सुरुवात घराजवळ करावी. दूध संघाच्या संकलनाच्या गाड्या, बाजार समितीतील व्यापाऱ्यांचे टेम्पो, शेतकरी उत्पादक कंपन्या, साखर कारखान्यांचे वाहतूक ठेकेदार यांना हंगामात माणसे लागतात. तेथे तुम्हाला ओळखणारी माणसे असतात आणि या धंद्यात ओळखीशिवाय पहिली गाडी मिळत नाही. दुसरा चांगला मार्ग म्हणजे लांबच्या गाडीवर क्लीनर किंवा दुसरा चालक म्हणून जाणे. जळगावकडील केळी उत्तरेत जाते, वरूड-मोर्शीकडील संत्री दूरच्या बाजारांत जातात. अशा एका खेपेत भरणी, ताडपत्री, दोर, वजनकाटा, टोल, उतराई, पोचपावती हे सारे पाहायला मिळते. क्लीनरचे काम कमीपणाचे मानू नये. टायर बदलणे, दोर आवळणे, मालाला हवा खेळती राहील अशी ताडपत्री टाकणे हे ज्याला येते त्याच्यावर मालक लवकर विसंबतो. शेतकऱ्याच्या मुलाची येथे एक जमेची बाजू असते : कांद्याची गाडी बंदिस्त झाकली तर माल घामेजतो, टोमॅटोचे क्रेट आपटले तर काय होते, अर्धवट भरलेल्या दुधाच्या टँकरमध्ये दूध हेलकावते तेव्हा वळणावर गाडी का कलते, हे त्याला एकदा सांगितले की कळते. मुलाखतीत हे अवश्य सांगावे.

मालक किंवा ट्रान्सपोर्टवाला भेटायला बोलावतो तेव्हा लायसन्स, आधार, बँक खाते यांच्या प्रती न्याव्यात. पोलीस पडताळणीचा दाखला आधीच काढलेला असेल तर चांगले. मूळ लायसन्स मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नये. बहुतेक ठिकाणी चाचणी म्हणून गाडी मागे घ्यायला किंवा चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगतात. घाई करू नये. गाडीत बसण्यापूर्वी भोवती एक फेरी मारून टायर व आरसे पाहणारा उमेदवार मालकाच्या लगेच लक्षात येतो.

बोलणी करताना संकोच ठेवू नये. पगार महिन्याचा की खेपेवर? भत्ता रोज किती व तो पगारात धरला आहे की वेगळा? डिझेलचा हिशोब कोणत्या सरासरीने? टायर फुटला, काच फुटली, मालात तूट आली तर कोणाच्या माथी? दंड कोण भरणार? या प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशीच घ्यावीत आणि वहीत लिहून ठेवावीत. पगार बँकेत मागावा. तोच पुढे अनुभवाचा पुरावा ठरतो. मोठी उचल घेऊ नये. ऊसतोडीच्या उचलीने माणूस कसा बांधला जातो हे आपण आपल्या भागात पाहतो. चालकाची उचलही त्याच जातीची असते. ती फिटेपर्यंत खराब गाडी, जादा माल, सलग दोन रात्रींचा प्रवास यांपैकी कशालाही नाही म्हणता येत नाही.

‘नाही’ कोठे म्हणावे, हे नव्या चालकाने आधीच ठरवून ठेवावे. पहिले ठिकाण जादा माल. कलम १९४ नुसार वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवून घ्यावा लागतो. दंड मालकाने भरला तरी लायसन्स तुमचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार जादा माल, मालवाहू गाडीत माणसे बसविणे, मद्यपान, चालविताना मोबाइल, सिग्नल तोडणे आणि अतिवेग यांसाठी लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावयाचे आहे. तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम गेला.

दुसरे ठिकाण मजुरांची वाहतूक. खुरपणीच्या किंवा तोडणीच्या मजुरांना पिकअपमध्ये उभे करून नेणे आपल्याकडे रोजचे झाले आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यालाच मालवाहू वाहनाच्या विम्याचे संरक्षण असते. मागे बसविलेल्या इतरांचा भार अपघात झाल्यास मालकावर येऊ शकतो, आणि गुन्हा चालकावर.

तिसरे ठिकाण झोप. वाशीच्या बाजारात भाजीपाला पहाटेच्या लिलावापूर्वी पोहोचवायचा असतो, म्हणून आपली बहुतेक वाहतूक रात्री चालते. पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत वाईट. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती, असे माप घालून दिले होते. ते माप माणसाच्या शरीराला आजही लागू आहे. डोळ्यांवर पाणी मारून, तंबाखू किंवा गोळी घेऊन झोप जात नाही, ती फक्त लांबते. गाडी पेट्रोल पंपावर लावून वीस मिनिटे झोपावे. माल अर्धा तास उशिरा पोहोचला तर भावात थोडाफार फरक पडेल एवढेच.

रस्त्यावरील कागद

आरसी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, परमिट, पीयूसी आणि स्वतःचे लायसन्स यांच्या तारखा गाडी ताब्यात घेताना चालकाने स्वतः वाचाव्यात. ‘सगळे ओके आहे’ या शब्दावर जाऊ नये. डिजिलॉकरमधील प्रती ग्राह्य धरल्या जातात. योग्यता प्रमाणपत्र नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी घ्यावे लागते. ताजी फळे, भाजीपाला, कांदा यांना ई-वे बिल लागत नाही. पण परतीच्या भाड्यात ठरावीक किमतीवरील करपात्र माल भरला तर लागते, आणि त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने असते. हे कागद वाचता यावेत म्हणूनच वर लिहिता-वाचता येण्याचे म्हटले.

दुर्दैवाने अपघात झालाच तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळविणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव खवळलेला असेल तर तेथे थांबण्याची सक्ती कायदा करीत नाही. मात्र जवळचे पोलीस ठाणे गाठून शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत खबर द्यावी. गाडी सोडून गावाकडे पळून येणाऱ्याची बाजू न्यायालयात फार दुबळी होते.

ज्या मुलांचे एलएमव्ही लायसन्स एक वर्षाचे झाले आहे व वय वीस पूर्ण आहे त्यांनी पेरण्या आटोपल्यावर जुलैमध्ये वाहतूक वाहनाच्या शिकाऊ लायसन्सचा अर्ज करावा. ऑगस्टमध्ये ड्रायव्हिंग स्कूलचे तीस दिवस होतात, सप्टेंबरात चाचणी देता येते, आणि कारखान्यांचे गाळप सुरू होण्याच्या सुमारास ठेकेदार माणसे शोधू लागतात तेव्हा लायसन्स हाती असते. त्या पहिल्या हंगामात पगार थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण गाडीवर मुरलेला चालक सोबत असेल अशीच जागा धरावी. ट्रॉली असो वा ट्रक, मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी व चालू दिवा असल्याशिवाय संध्याकाळनंतर उसाची गाडी रस्त्यावर काढू नये.